डोंगराचं आडनाव

"पोरा, आपलं आडनाव डोंगरानं दिलंय. डोंगराच्या माणसाचा पाय घसरत नाही!"

शिवणयंत्राच्या खडखडाटावर चढणारा हा आवाज, वडील गेले तरी शिंप्याच्या कानांतून गेला नव्हता. गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेण्याआधी तो आडनावाचं माप घ्यायचा. कुणी ओढ्याकाठचा, कुणी वडाखालचा, कुणी खिंडीपलीकडचा. डोंगराच्या वर मात्र कुणी नाही. आणि दैव बघा, लेकीनं नवरा शोधला तो सपाट माळावरून आडनाव पडलेल्या घरातला!

त्या दिवशी दुकानाचा नवा बोर्ड आला. ठसठशीत आडनाव, मागे निळा डोंगर. जावई मुक्कामाला होता. तो शिडी उचलत म्हणाला, "मामा, मी चढतो."

"राहू द्या, जावईबापू. तुम्ही सपाटीवरची माणसं. शिडी म्हणजे आमचं अंगण!"

बोर्ड खांद्यावर घेऊन शिंपी ऐटीत छज्ज्यावर पोचला. तिथं त्यानं एकच चूक केली. खाली पाहिलं. रस्ता झोपाळ्यासारखा हलला, दुकानं डोलली, आणि बोर्ड तिथंच टाकून त्यानं भिंतीवरच्या पाइपाला लेकरासारखी मिठी मारली. त्या धांदलीत पाय शिडीला लागला नि शिडी आडवी झाली ती थेट फुलवालीच्या बादल्यांत.

"अहो, उतरा ना!" बायको ओरडली.

"उतरतो गं. जरा हवा खातोय."

"डोळे मिटून?"

समोरचा न्हावी वस्तरा घेऊनच बाहेर आला. मागोमाग अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईकही आलं. न्हावी म्हणाला, "दोर आणा रे कुणीतरी! डोंगर अडकलाय."

"आधी माझ्या बादल्या भरून द्या," फुलवाली कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मग काढा तुमचा डोंगर!"

जावयानं शिडी उभी केली, वर गेला आणि हात पुढे केला. "मामा, माझ्याकडे बघा. खाली नाही."

शिंप्यानं एक डोळा उघडला. "जावईबापू," तो कुजबुजला, "मला भीती वाटतेय हो."

नेमका तेव्हाच रस्ता गप्प झाला होता. सगळ्यांनी ऐकलं.

जावयानं त्याचं एकेक पाऊल धरून पायरीवर टेकवत त्याला खाली आणलं. दुकानात शिंपी कापडाच्या गठ्ठ्यावर मटकन बसला. "आडनाव बुडवलं मी. बाबा असते तर काय म्हणाले असते!"

कोपऱ्यात काजं करत बसलेल्या शिंप्याच्या आत्यानं दातांनी दोरा तोडला.

"काही म्हणाला नसता. त्यानंच तर मला इतकी वर्षं गप्प बसवलंय. अरे, डोंगरावर सगळेच डोंगरावरचे. तिथं कोण कुणाला ते नाव देणार? जो डोंगर सोडून खाली येतो, त्यालाच खालचे लोक म्हणतात, हा डोंगरावरचा."

"पण आत्या, डोंगर सोडला कशाला?" जावयानं विचारलं.

आत्यानं भाच्याकडे मायेनं पाहिलं.

"याच्या पणजोबांना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की गरगरायचं. शेवटी पणजीनं त्यांच्या डोळ्यांना फडकं बांधलं नि पाठुंगळी मारून खाली आणलं."