साडूपेक्षा जास्त ॲव्हरेज

नळदुर्गात स्पोर्ट कार फक्त एकाच माणसाकडे आहे आणि त्याचं नाव उत्तरेश्वर. हे तुम्हाला माहीत नसेल तर तुम्ही नळदुर्गात कधी थांबलाच नाहीत, कारण थांबला असतात तर त्यानं स्वतः येऊन सांगितलं असतं. हायवेला लागून त्याचं पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. गिऱ्हाईक विहिरीतल्या पाइपाचा फुटव्हॉल्व्ह मागायला आलं तरी आधी त्याला बाहेर नेऊन गाडी दाखवायची, फुटव्हॉल्व्ह नंतर. गाडी लाल, दोन दारांची, वीस वर्षांची आणि इतकी बुटकी, की आत बसलं की रस्त्यावरची कुत्री थेट डोळ्यांत बघायची.

"ही गाडी न्हाय, बाण हाय," उत्तरेश्वर सांगायचा. "सुटला की सुटला."

बाण त्यानं हैदराबादहून आणला होता. कशासाठी आणला, याचं खरं उत्तर मात्र तामलवाडीला राहत होतं. तिथं त्याचा साडू रणधीर, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. रणधीरची द्राक्षबाग होती, रणधीरच्या डोक्यावर भरपूर केस होते, आणि दिवाळीत रणधीरनं नवी कोरी, पांढरी, उंच गाडी घेतली. बाग उत्तरेश्वरनं सहन केली होती. केसही एक वेळ सहन केले होते. पण सासरे दगडोबा त्या पांढऱ्या गाडीभोवती फेरी मारून "लई अकलेनं घेतलीया" म्हणाले, तेव्हा त्याच्या पोटात आग पडली. थोरला जावई हा, आणि अक्कल धाकट्याला! महिन्याभरात लाल गाडी दारात उभी राहिली.

यंदा उन्हाळ्यात धोंड्याचा महिना आला. या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, त्यामुळे सासऱ्यांचा फोन येणार हे ठरलेलंच होतं. फोन आला, पण त्याला एक शेपूट होतं.

"जावईबापू," दगडोबा म्हणाले, "ऐतवारी दोघंबी जेवायला या. आन् सोमवारी मला सोलापुरात ट्रॅक्टर बघायचाय. संगं एकच जावई नेनार हाय. दोघं नेलं की दोन तोंडं व्हत्यात."

"मलाच न्या की आबा. मोटारीचं दुकान हाय माझं."

"ते व्हय. पण रणधीरराव म्हनत्यात, त्यांची गाडी एकवीसचं ॲव्हरेज देती. ज्याला सोताची गाडी राखता येती, त्याला यंत्रातलं कळतं, असं माझं मत हाय. तुमची किती देती?"

खरा आकडा सात होता. लिटरला सात किलोमीटर, तेही वारा पाठीमागून असेल तर.

"बावीस," उत्तरेश्वर म्हणाला.

"आसं? मग ऐतवारी तीच घिऊन या. बघू."

फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं, की शिवांजली, त्याची बायको, दारात उभी राहून सगळं ऐकत होती.

"शंभर सांगायचं," ती म्हणाली. "बावीसवर कशाला थांबलाव?"

पण उत्तरेश्वरला चेष्टा सुचत नव्हती. ट्रॅक्टरला सासऱ्यांसोबत रणधीर गेला, तर पुढची सगळी वर्षं रणधीरच जाणार होता: ट्रॅक्टरला, विहिरीच्या मोटारीला, सगळीकडे. मोटारींचं दुकान असलेल्या थोरल्या जावयाला वगळून! सासरी, बेंबळीत, तोंड दाखवायची सोय राहिली नसती. तो तसाच उठला आणि शेजारच्या जैनोद्दीनच्या गॅरेजात गेला.

जैनोद्दीनची खासियत अशी, की त्याला रोज नवा रोग सापडायचा आणि प्रत्येक रोगाबद्दल त्याची तितकीच खात्री असायची. "प्लग, मालक. आँख बंद करके सांगतो, प्लग," तो पहिल्या दिवशी म्हणाला. प्लग बदलले. सात. मग त्याला टायरात हवा कमी वाटली. त्यानं इतकी हवा भरली, की गाडी खड्ड्यातून चेंडूसारखी उडून उत्तरेश्वरचं डोकं छताला लागलं, पण ॲव्हरेज सातच. मग एअर फिल्टर काढला. त्यातून हैदराबादची माती आणि कबुतराची पिसं निघाली. फिल्टर झटकून बसवल्यावर गाडी खोकायला लागली, तो आणखी झटकल्यावर खोकायची थांबली, आणि पुन्हा सात.

शेवटी जैनोद्दीननं हात पुसले. "मालक, गाडी बराबर हाय. तुमचाच पाय जड हाय."

म्हणून उत्तरेश्वर चप्पल काढून, अंगठ्याच्या टोकानं गाडी चालवायला लागला. मागून कडबा भरलेले ट्रॅक्टर हॉर्न मारून पुढे जाऊ लागले. तरी सात. तेव्हा त्याच्या मनात भलताच संशय आला.

"कुनीतरी पेट्रोल काढतंय," तो रात्री जेवताना म्हणाला. "आन् कोन काढतंय तेबी मला कळतंय."

"कोन?"

"तुझ्या बहिणीचा नवरा."

शिवांजलीनं भाकरी मोडली. "त्यांच्या गाडीला डिझेल लागतं," ती म्हणाली.

रविवार उजाडला. ॲव्हरेज वाढेना तर वजन कमी करू, असा उत्तरेश्वरनं विचार केला. त्यानं जादाचं चाक काढलं, जॅक काढला, पायपुसणी काढली, मागची सीटसुद्धा उचकटून माडीवर टाकली. शिवांजली सगळं बघत होती.

"मीबी एसटीनं येऊ का?" तिनं विचारलं.

उत्तरेश्वरनं उत्तर द्यायला जो वेळ घेतला, तो नवऱ्यानं घेऊ नये इतका होता. शेवटी तो "बस गाडीत" म्हणाला. एसी पेट्रोल पितो म्हणून बंद, आणि आत वारा भरून गाडी अडते म्हणून काचाही बंद. भर उन्हाळ्यात, नळदुर्ग ते बेंबळी! दोघं पोचले तेव्हा सासूबाईंना वेगळे धोंडे उकडायची गरज नव्हती.

दगडोबांचं घर गावाच्या वरच्या अंगाला आहे, आणि दारातला रस्ता सरळ खाली ओढ्याकडे उतरतो. घरासमोर सपाट जागा एकच, लिंबाखालची. तिथं सावलीत पांढरी गाडी आधीच उभी. उत्तरेश्वरला उतारावर, उन्हात जागा मिळाली. ही सावलीसुद्धा रणधीरनं हेरून घेतली, या विचारानं त्यानं हँडब्रेक जरा जास्तच जोरात ओढला.

लाल गाडी पहिल्यांदाच दारात आली म्हणून सासूबाई तुळजाबाई तांब्या आणि कुंकू घेऊन बाहेर आल्या. पाहुण्याच्या पायावर घालावं तसं त्या गाडीच्या चाकांवर पाणी घालू लागल्या. पुढच्या दोन्ही चाकांवर घातलं. मागच्या उजव्या चाकावर घातलं. मागच्या डाव्या चाकावर घातलं आणि चर्रर्र असा आवाज होऊन वाफेचा लोट वर आला.

"अगं बया," तुळजाबाई मागं सरल्या. "तव्यावानी तापलंय की हे."

रणधीर पुढे झाला, खाली वाकला आणि चाकाजवळ हात धरून म्हणाला, "साडूभाऊ, मला वाटतं ह्यो ब्रेक..."

"स्पोर्ट गाडीचं एक चाक गरमच ठेवत्यात," उत्तरेश्वर घाईघाईनं म्हणाला. "थंडीच्या मुलखात बनल्याली गाडी हाय ती."

"आसं?" दगडोबा म्हणाले आणि चाकाकडे पाहत राहिले. रणधीर फक्त हसला, आणि त्या हसण्यात त्याचे सगळे दात दिसले. दातही चांगले होते मेल्याचे.

उत्तरेश्वरला मात्र त्या वाफेत सगळं उमगलं होतं. एका चाकाचा ब्रेक धरून बसला होता. इतके दिवस तो ब्रेक लावलेली गाडी हाकत होता, आणि जळल्याचा वास यायचा त्याला तो स्पोर्ट गाडीचा वास समजत होता. आता हे रणधीरनं दुरुस्त केलं, तर ट्रॅक्टर संपलाच. जे करायचं ते जेवणं उरकायच्या आत आणि कुणाला न कळता करायला हवं होतं.

पाट मांडले होते, धोंड्यांवर तुपाची धार पडत होती. "हात धुऊन आलो," म्हणून तो सटकला आणि गाडीत वाकून त्यानं जैनोद्दीनला फोन लावला.

"हँडब्रेकचा वायर अटकलाय, मालक," जैनोद्दीन लगेच म्हणाला. "म्या पैल्या दिवशीच सांगणार हुतो."

"तू प्लग म्हणालास."

"प्लगच्या नंतर हेच म्हणणार हुतो. दोन सीटच्या मधी लिव्हर हाय ना, त्याच्या बुडाला नट हाय. ढिला करा. मग गेर काढा आन् ढकलून बघा."

उत्तरेश्वरनं नट ढिला केला. किती ढिला करायचा हे विचारायचं राहिलं, म्हणून हातात येईपर्यंत केला. गिअर काढला, बाहेर येऊन मागच्या डाव्या चाकाला लाथ घातली आणि गाडी वरच्या अंगाला ढकलली. पाळण्यासारखी हलली! त्याचा आनंद गगनात मावेना. हलली ती एका खड्ड्यात जाऊन टेकली, हेही बरंच झालं. त्यानं ऐटीत धाडकन दार लावलं आणि मागं वळून न बघता आत जाऊन पाटावर बसला.

त्या धाडकनमुळे गाडी खड्ड्यातून निघाली.

पहिला धोंडा तोंडात घातला तोच तूप वाढणारी मेहुणी, रणधीरची बायको वैष्णवी, थबकली. दारातून बाहेर बघत तिनं शांतपणे विचारलं, "दाजी, तुमची गाडी कोन चालवतंय?"

"कुनी न्हाय."

"मग ती कुठं चाललीय?"

सगळ्यांनी माना वळवल्या. उघड्या दारासमोरून लाल गाडी चालली होती. आवाज नाही, धूर नाही, निरोप न घेता उठलेल्या पाहुण्यासारखी. सगळे खरकट्या हातांनी पळत सुटले. गाडी मारुतीच्या पाराला वळसा घालून गेली, दोन म्हशींनी तिला आदरानं वाट दिली, आणि ओढ्याच्या अलीकडे, पाटलांच्या उकिरड्यात, ती छातीपर्यंत घुसून थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. फक्त उत्तरेश्वरचं काळीज तेवढं चिरलं.

रणधीरनं दोर आणायला जी तत्परता दाखवली, ती सख्ख्या भावानंही दाखवली नसती. पांढरी गाडी पुढे, लाल गाडी मागे, आणि लाल गाडीत स्टिअरिंग धरून, कानाला शेण लागलेला उत्तरेश्वर. अर्धं बेंबळी दोन्ही बाजूंना उभं होतं. ट्रॅक्टर गेला, असं त्यानं मनोमन धरून टाकलं. रडू येत होतं, पण रणधीर आरशातून बघत होता.

घरासमोर लिंबाखालच्या सपाट जागेवर दोर सोडला. सगळ्या गोंधळात दगडोबा हसले नव्हते. ते गाडीजवळ आले.

"इंजन बंद हुतं?"

"व्हय, आबा."

"एक थेंब न जाळता पार उकिरड्यापातूर?"

उत्तरेश्वरनं कानाचं शेण पुसलं. दगडोबांनी एक बोट गाडीला लावलं आणि ढकललं. गाडी सरकली. मग ते पांढऱ्या गाडीकडे गेले, रणधीरला गिअर काढायला लावला, हँडब्रेक तसाच ओढलेला राहिला, आणि बोट लावलं. काही नाही. दोन्ही हात लावले, मग खांदा लावला. पांढरी गाडी ढिम्म हलली नाही.

"आमच्या टायमाला बैलगाडी अशीच बघायचे," दगडोबा म्हणाले. "चाकाला वंगण असलं की बोटानं सरकती. बैलाला त्रास न्हाय, चाऱ्याचा खर्च न्हाय. रणधीरराव, तुमची गाडी लई अडती. सोमवारी उत्तरेश्वरराव येत्याल."

रणधीरचा चेहरा उतरला का, हे उत्तरेश्वरनं तीन वेळा निरखून पाहिलं. उतरला नव्हता, पण तेवढ्यानं काय होतं! बायकांना बेंबळीत ठेवून तो दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांसोबत अशा दिमाखात निघाला, की जणू ट्रॅक्टर त्यालाच आहेर म्हणून मिळणार होता.

सोलापुरात एका मोठ्या पटांगणात ट्रॅक्टर उभे होते, वरून ऊन आग ओकत होतं. विक्रेता माहिती द्यायला लागला, तर दगडोबांनी त्याला हातानं थांबवलं.

"माहिती नगं. गेर काढा," ते म्हणाले, आणि वळून, "जावईबापू, ढकला."

उत्तरेश्वरनं लाल ढकलला, मग निळा, मग हिरवा. दगडोबा प्रत्येक चाकाशी बसून किती सरकला ते बघायचे, मान हलवायचे आणि पुढच्याकडे जायचे. आसपासचे विक्रेते चहाचे कप घेऊन बघायला जमले. दुपारी, केशरी ट्रॅक्टरला पाठ टेकून धापा टाकत असताना त्यानं शिवांजलीला फोन केला.

"तिकडं काय चाललंय?"

"काय न्हाय. रणधीररावांना आईनं जाऊ दिलं न्हाय. म्हणाली, ट्रॅक्टरला नेलं न्हाय, वाईट वाटलं आसंल. आमरस केला हुता."

"लई खाल्ला?"

"आई वाढतच हुती. आता कूलरम्होरं झोपल्यात."

"घोरतोय?"

"मस्त."

उत्तरेश्वरनं फोन खिशात टाकला. सासऱ्यांसोबत तो होता, थोरला मान त्याचा होता, रणधीर हरला होता, आणि तरीही त्याच्या पोटात असं काही पेटलं, की सोलापूरचं ऊन त्यापुढं गार वाटावं.

"जावईबापू," दगडोबांनी हाक मारली, "त्यो मागचा मोठा ऱ्हायला की."

उत्तरेश्वरनं मोठ्या ट्रॅक्टरला खांदा लावला, डोळे मिटले आणि देवाकडे मनापासून एकच मागणं मागितलं: बेंबळीची लाइट जाऊ दे.