इंगोले काकांची डबल बेल

पातूर घाटाच्या वरच्या मालेगावात, आमच्या गल्लीत इंगोले काका स्वतःच्या दारासमोर, स्वतःच्याच गाडीत, इंजिन सुरू करून बसतात. मागून दोनदा घंटी वाजल्याशिवाय गाडी हलत नाही. त्यांची सारी नोकरी एसटीच्या स्टिअरिंगवर गेली. निवृत्तीनंतर त्यांनी जुनी डिझेल व्हॅन घेतली, मागची आसने काढून मध्ये आडवी फळी ठोकली, मागे पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली. छताखालून कंडक्टरच्या घंटीची दोरीही ओढून घेतली. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला.

हा नियम ते गाडीबाहेरही पाळतात. लग्नाच्या पंगतीत ताट वाढून झाले तरी विचारतात, "डबल पडली काय?" कमलकाकूंच्या पाठीच्या ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. काकांनी गंभीरपणे विचारले, "मंग डबल समजू काय, साहेब?"

गाडी काकूंसाठीच होती. त्यांना फार वेळ बसवत नव्हते, झोपून मात्र प्रवास जमला असता. त्यांची थोरली बहीण पातूरला अंथरुणाला खिळलेली. ऑपरेशनपासून दोघींची भेट नव्हती. जाताना घाट उतरायचा, येताना चढायचा. "रिकामी चढली तं तिले नेतो," काका म्हणाले आणि घंटीसाठी मला मागे बसवले.

चढाला काकांसमोरचा इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि गाडीचा जोर गेला. मागून ट्रकांचे हॉर्न सुरू झाले. काकांनी गाडी कडेला घेतली, बंद केली, थोड्या वेळाने पुन्हा सुरू केली. जोर परत आला. दोन वळणांनंतर तेच.

"काहून करून राह्यली अशी?" ते गाडीलाच विचारत होते. "सपाटीवर तं बरी चालते!"

थांबत थांबत गाडी वर आणली, तेव्हा रफिक मिस्त्रीने डिझेलचा फिल्टर बदलला. फरक पडला नाही. हवेचे पाइप तपासले; कुठे फाटलेले नव्हते. मग मशीन लावून दिव्याचे कारण वाचले. "इंजिनले हवा कमी पडून राह्यली," तो म्हणाला आणि पुढच्या दोन आसनांमधले इंजिनाचे झाकण उघडायला लागला.

"ते राहू दे," काका घाईने म्हणाले.

झाकणाखाली, इंजिनाच्या कडेने, घडी घातलेली गोधडी दाबून बसवली होती. तिचे एक टोक सुटले होते. चढाला इंजिन जोराने हवा ओढी, तेव्हा ते टोक हवा घेण्याच्या तोंडावर चिकटे. इंजिन बंद झाले की गळून पडे. बिघाड एवढाच होता.

"काका, इंजिनले थंडी वाजे काय?" रफिक ओरडला. "पांघरून देल्लं त्याले! पेटली असती तं?"

काकांनी गोधडीचे सुटलेले टोक हातात घेतले. "आवाज लय करते ते," ते म्हणाले. "मागं तिले झोप लागली पाहिजे ना."

गोधडी काढल्यावर गाडी घाट एका दमात चढली. दिवा लागला नाही. आवाज मात्र असा, की वरपर्यंत आम्हाला एकमेकांचे बोलणे ऐकू आले नाही. घरी परतल्यावर काका काकूंच्या पलंगाजवळ अपराध्यासारखे उभे राहिले.

"चढते. पण आवाजाचं काई होत नाही. झोप नाही लागायची तुले."

"असू द्या आवाज," काकू म्हणाल्या. "पडल्या पडल्या मले बाहेरचं काय दिसते? आवाज आला म्हणजे समजते, तुमी समोर आहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंना गाडीत झोपवले. धुतलेली गोधडी त्यांच्या पायांवर होती. काकांनी इंजिन सुरू केले; गल्लीतली दारे उघडली. मधल्या फळीमुळे त्यांना मागचे काही दिसत नव्हते. घंटी वाजेना. काकूंचा हात दोरीपर्यंत जायला वेळ लागतो. मी मागच्या खिडकीशी जाऊन काकूंना विचारले, "मी वाजवू का?"

"थांबा," काकू आतून म्हणाल्या.

एक घंटी पडली. नियमाप्रमाणे एक म्हणजे थांबा. काका थांबले. हात स्टिअरिंगवर, नजर समोर.

मग दुसरी पडली.