आधी खोका, मग माल

आमच्या शेजारचे ठोंबरेभाऊ दाराची बेल वाजवून गप्प उभे राहत नाहीत. बाहेरूनच मथळा देतात. "भाऊसाहेब, तुमच्या गच्चीवर आत्ता जे चाललंय ते बघून तुमी थक्क व्हाल!" मी धडपडत गच्चीवर जातो, तर टाकी भरून वाहत असते. "टाकी वाहतेय, एवढंच सांगायचं ना," मी खाली येऊन म्हणतो. "तेवढ्यावर तुमी उठला असता का?" ते शांतपणे विचारतात.

मी मुळात संशयी माणूस. सगळी नोकरी सरकारी कचेरीत लोकांच्या अर्जांतली खोट शोधण्यात गेली, ती नजर पेन्शनीबरोबर घरी आली. दूधवाला हसला तरी मी त्या दिवशी साय किती आली ते बघतो. ठोंबरेभाऊ भिसेगावात आमच्या शेजारी राहायला आले आणि आल्या आल्या अख्ख्या आळीचे मोबाइल नंबर गोळा करू लागले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. बायकोला बजावलं, या माणसानं मागितली तर साखर दे, नंबर देऊ नकोस. तिनं दोन्ही दिलं.

नंबर हवे होते ब्लॉगसाठी. ठोंबरेभाऊ खोपोलीच्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी मोबाइलवर कुणा गुरूचे 'यशस्वी ब्लॉग' नावाचे धडे ऐकले आणि जन्मभराचं मत एकदम पक्कं झालं. "आधी खोका, मग माल. आत काय हाय ते गिऱ्हाईक घरी जाऊन बघतं. पण खोकाच नाय दिसला, तर येतंय कशाला?"

मी एकदा तो ब्लॉग उघडला. वर सोनेरी अक्षरांत नाव, बाजूला हाताची घडी घातलेले ठोंबरेभाऊ, आणि आता वाचणार इतक्यात एक चौकोन टुणकन उडी मारून समोर आला: 'थांबा! जाऊ नका!' तो घालवला तर दुसरा आला. खाली मथळे एकाहून एक. 'घाटात गाडी का तापते? ड्रायव्हर तुम्हाला हे कधीच सांगणार नाही!' मी टिचकी मारली. आत एकच शब्द, 'लवकरच'. दुसरा मथळा उघडला, तिसरा उघडला. सगळ्यांच्या पोटात 'लवकरच'.

"मजकूर कुठाय, ठोंबरेभाऊ?"

"तो काय, कुणीबी टाकील. आधी गर्दी तर जमू द्या."

मीही ब्लॉग लिहितो. आपल्या भागातल्या जुन्या विहिरींवर. प्रत्येक विहीर स्वतः जाऊन बघतो. वाचक म्हणजे मी, बायको आणि मोहोपाड्याचा मेव्हणा. तोही मी भेटल्यावर विचारीन या भीतीनं वाचतो. ठोंबरेभाऊंनी माझा मथळा बघून कपाळाला हात लावला. "'टेकडीखालची विहीर'? कोण येईल, भाऊसाहेब? 'या विहिरीत डोकावू नका!' असं टाका. माल चोख हाय तुमचा, पण उघड्यावर पडलाय."

त्यांचा हा नाद आळीलाही भोवला. एकदा त्यांनी सगळ्यांना संदेश पाठवला: 'उद्या नळाला पाणी येणार का? उत्तर शेवटी!' मधे पाण्याचं महत्त्व, ब्लॉगचा पत्ता आणि पुन्हा तो हाताची घडी घातलेला फोटो. अगदी तळाला उत्तर होतं, 'नाही'. निम्मी आळी तळापर्यंत पोहोचलीच नाही आणि दुसऱ्या दिवशी रिकामे हंडे घेऊन बसली. तेव्हापासून मी त्यांचं काही उघडायचं बंद केलं.

नेमका तेव्हाच त्यांनी मला एक प्रश्न विचारायला सुरुवात केली. "समजा, एक माणूस हाय. आपण पाठवलेलं उघडतच नाय. तर काय मथळा द्यावा?"

तो माणूस मीच, हे मी तत्काळ ओळखलं. "मथळ्यांना कंटाळला असेल तो," मी म्हटलं. त्यांचा चेहरा पडला. पण प्रश्न संपेनात. सकाळी पाठवावं की संध्याकाळी? फोटो कसला लावावा? मला गळाला लावायची युक्ती हा माणूस माझ्याच दारात उभा राहून मलाच विचारतो, याचा मला भयंकर राग आला.

परवा सकाळी बेल वाजली आणि बाहेरून मथळा आला नाही. हेच संशयास्पद होतं. दार उघडलं तर ठोंबरेभाऊ मोबाइल पुढे धरून उभे.

"उघडलं तिनं."

"कुणी?"

"माझ्या पोरीनं. मनीषानं."

यांना मुलगी आहे हेच मला ठाऊक नव्हतं. पुण्याला असते. तिनं आपल्या पसंतीनं लग्न केलं, हे हट्टानं गेले नाहीत. तेव्हापासून तिनं यांचा फोन उचललेला नाही. यांची बायको तर त्याआधीच देवाघरी गेलेली. आळीभरचे नंबर, ते उड्या मारणारे चौकोन, तो सोनेरी खोका, सगळी खटपट एका गिऱ्हाइकासाठी होती. मला फार वाईट वाटलं.

मथळा होता: 'पोपटीत भांबुर्डीचाच पाला का? खरं कारण वाचा!' थंडीत आमच्याकडे मडक्यात हा पाला, वालाच्या शेंगा आणि अंडी भरतात, मडकं शेतात उपडं ठेवून भोवती जाळ करतात, ती पोपटी. खाली त्या ब्लॉगवरची पहिलीवहिली प्रतिक्रिया होती. 'बाबा, आत काहीच नाही. कारण काय?'

"आत 'लवकरच' हाय हो," ठोंबरेभाऊ रडवेले झाले होते. "तुमी लिवता ना? कायतरी लिवून द्या. नायतर ती जाईल निघून."

मी त्यांच्या घरी गेलो. पाल्याचा वास, शेंगांत मुरणारी वाफ, असं सांगू लागलो. त्यांचं बोट हलेना.

"मग खरं कारण काय?" मी विचारलं.

"कारण कसलं? सगळेच घालतात. आमच्याकडं पाला मनीच आणायची, बांधावरनं, फ्रॉकात भरून. ती आल्याबिगर मी मडकं भरायचो नाय."

"हेच लिहा."

"हे कोण वाचील?"

"ती."

एका बोटानं त्यांनी लिहिलं: 'खरं कारण मलाबी माहीत नाय. पाला तू आणायची म्हणून घालायचो. यंदा बांधावर लय आलाय. दोघं या.' 'दोघं' लिहिण्याआधी बोट बराच वेळ हवेत थांबलं होतं. या वेळी त्यांनी मथळा विचारला नाही. तसंच पाठवून दिलं.

मी उठून दाराशी चपला घालू लागलो. ठोंबरेभाऊंची नजर मोबाइलवरून हलत नव्हती.

"थांबा," ते हळूच म्हणाले. "जाऊ नका."

मी चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.