अप्पांनी पीठ चाळलं

पिठातल्या किड्याच्या डोळ्यात दिवा लावणारी सोलापुरात मी एकटीच! हा किडा तांबडा, तांदळाच्या दाण्याहून बारीक. त्याच्या अंड्यात केसासारख्या काचेच्या सुईने मी चमकणाऱ्या जेलीफिशचं जनुक सोडलं. कितीतरी अंडी फुकट गेली, पण अखेर एका पिढीचे डोळे निळ्या उजेडात हिरवे चमकले. आता या खुणेला दुसरं कुठलंही जनुक जोडायचं, आणि ते किड्यात बसलं की नाही ते डोळ्यांवरून ओळखायचं. सोमवारी पुण्याचे शास्त्रज्ञ बघायला येणार होते.

शनिवारी वडील डबा घेऊन प्रयोगशाळेत आले. सिद्धलिंगप्पांचं, म्हणजे आमच्या अप्पांचं, मार्केटात धान्याचं आणि पिठाचं दुकान. हाच किडा त्यांचा जन्माचा वैरी. मी त्यांना पिठाच्या बाटल्या दाखवत होते, काहींत साधे किडे, काहींत चमकणारे, तेवढ्यात प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी मला बोलावलं.

परतले तर अप्पा बाह्या सरसावून बसलेले. प्रत्येक बाटलीतलं पीठ चाळून, ज्याचं त्यात भरून, बाटल्या ओळीत लावलेल्या. किडे मात्र सगळे डब्याच्या झाकणात!

"लई घाण झाली होती की गं," अप्पा म्हणाले. "एवढी शिकलेली पोर, अन् पिठाकडं लक्ष न्हाय."

साधे आणि चमकणारे किडे झाकणात सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीसारखे वळवळत होते. मला रडू फुटायचंच बाकी होतं. काय झालंय ते सांगितल्यावर अप्पांचा चेहरा उतरला. मग अंधारासाठी खिडकीला लावलेली चादर काढून आम्ही दोघांनी डोक्यावरून घेतली आणि निळी बॅटरी लावून एकेक किडा निवडायला बसलो. मॅडम डोकावल्या, चादरीखालून आलेले चार पाय बघितले आणि काही न विचारता दार लोटून गेल्या.

पहिला हिरवा डोळा दिसला तेव्हा अप्पा झाकणावर आणखी वाकले. "खरंच दिवा हाय की," एवढंच म्हणाले. मग त्यांनी माझ्या दुपटीने किडे शोधले.

"निघाले की सगळे. आता तोंड का पाडलंस?"

बापाला कसं सांगायचं? "अप्पा, ते झाकणात मिसळले ना."

"येगळे केले की आपण."

"तसं नाही. माद्या आता... म्हणजे पुढची पिल्लं कुणाची, ते सांगता येणार नाही."

अप्पा एकदम भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

मी चिमूटभर चाळलेलं पीठ उगाच सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, आणि जीव भांड्यात पडला. झाकणातली जत्रा भरण्याआधीच घातलेली अंडी पिठात तशीच होती! चाळणीतून आरपार गेलेली, आपापल्या बाटलीत सुखरूप. सोमवारी दाखवायला हे किडे होते, आणि पुढचे चमकणारे महिनाभरात या अंड्यांतून निघणार होते. मी अप्पांना मिठीच मारली.

अप्पांना मात्र तेवढा आनंद दिसला नाही. "चाळल्यावरबी अंडी ऱ्हात्यात?"

"राहतात की."

त्यांनी डबा पिशवीत घातला, दारापर्यंत गेले आणि परत आले.

"राजू," ते हळूच म्हणाले, "आजवर गिऱ्हाइकाला चाळलेलं, स्वच्छ पीठ म्हणून देतोय मी. तुझं शास्त्र हितंच असू दे. मार्केटात बोलू नको."