पाणघोडा पोस्टमन आणि डावी दाढ

दवाखाना कसा चालवावा, हे कुणीही माझ्याकडून शिकावं! दातांचा डॉक्टर म्हटलं की पोरं दारातच भोकाड पसरतात. त्यावर मी नामी तोडगा काढला. बाहेरच्या खोलीत टीव्ही लावला आणि त्यावर आमच्या लहानपणची 'पाणघोडा पोस्टमन' ही कार्टून मालिका दिवसभर चालू ठेवली.

"हल्लीची मुलं असलं जुनंपानं बघतात होय?" बायकोनं विचारलं. काउंटर तीच सांभाळते.

"तू बघच!"

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. इवलीशी सायकल, त्यावर अवाढव्य पाणघोडा. दर भागात एकच पत्र. हा वाटेत धपकन नदीत पडणार, भिजलेलं पत्र कंदिलावर वाळवणार आणि पोचवणार म्हणजे पोचवणारच! शेवटी घरी येऊन स्वतःची पत्रपेटी उघडणार. रिकामी. मग झाकण हळूच लावून झोपायला जाणार. बस, एवढंच.

पोरं खरंच गप्प झाली. पण त्यांचे बाप जागचे उठेनात! "डॉक्टर, एवढा भाग होऊ द्या की!" एक आजोबा 'कवळी टोचतेय' म्हणून रोज यायचे. कवळी घरी विसरून!

अशातच परवान्याच्या नूतनीकरणासाठी तपासनीस येणार असल्याचं पत्र आलं. अहवाल वाईट गेला तर दवाखान्याला कुलूप! ठरल्या दिवशी मी सकाळपासून अवजारं अशी घासली की त्यांत माझा घाबरलेला चेहरा स्वच्छ दिसत होता.

अकरा वाजले. तपासनिसांचा पत्ता नव्हता.

"पुढचे कोण?" मी विचारलं.

"नळदुरुस्तीवाले. डावी दाढ. खिडकीपाशी बसलेत," बायको वहीतून मान वर न करता म्हणाली.

खिडकीपाशी एक गृहस्थ होते. तळहात डाव्या गालावर, डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला भरून आलं.

"फार त्रास होतोय ना?"

"फार," ते टीव्हीकडे बघत म्हणाले.

"किती दिवसांपासून?"

"चाळीस वर्षं."

चाळीस वर्षं! म्हणजे दाढेचा पार चुराडा झाला असणार. मी त्यांना दंडाला धरून आत नेलं. ते मागे वळून बघत बघत आले.

"हीच का ती खुर्ची?" आत त्यांनी विचारलं.

"हीच. बसा. अजिबात घाबरू नका."

ते बसले, खुर्चीचे हात चाचपून पाहिले आणि म्हणाले, "आधी मला जरा..."

त्यातला 'आ' मला पुरेसा होता. सुई टोचून मोकळा!

तेवढ्यात दार उघडलं. गालावर सूज घेऊन एक माणूस उभा. "डॉक्टर, भाग संपला. आता घ्या माझी डावी दाढ."

"तुम्ही नळदुरुस्तीवाले? तुम्ही तर खिडकीपाशी होतात!"

"तिथून टीव्ही तिरका दिसतो हो. यांना माझी जागा दिली नि मी पुढे सरकलो."

मी सावकाश वळलो. खुर्चीतल्या गृहस्थांनी खिशातून ओळखपत्र काढलं आणि वाकड्या तोंडानं म्हणाले, "तफाफनीफ!"

पायाखालची फरशी सरकली म्हणतात ती अशी! मी हात जोडले, माफी मागितली, पुन्हा हात जोडले. बधिरपणा जायला दोन तास लागतील, हे सांगताना माझीच जीभ जड झाली.

"पण साहेब, दाढ दुखत नव्हती तर रडत का होतात?"

त्यांनी माझ्या चिठ्ठ्यांच्या वहीवर लिहिलं, 'आज त्याच्या पेटीत पत्र आलं.'

नळदुरुस्तीवाल्यानं वाचून नाक ओढलं. "मी पण रडलो," तो म्हणाला. "दाढेमुळे खपून गेलं."

तो भाग पहिल्यांदा लागला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि उशीत तोंड खुपसून झोपलो होतो. पण हे तपासनिसांना सांगणं बरं दिसलं नसतं.

साहेब बाहेर टीव्हीसमोर जाऊन बसले. दोन तास म्हणता म्हणता तीन तास बसले. नळदुरुस्तीवाल्यानंही दाढ काढून झाल्यावर तोंडात कापसाचा बोळा धरून त्यांना सोबत केली. जाताना साहेबांनी बंद लिफाफा काउंटरवर ठेवला.

बायकोनं तो फोडला. मी डोळे मिटून घेतले.

"परवाना मंजूर!" ती ओरडली.

"आणि शेरा?"

ती वाचू लागली. "प्रतीक्षागृह: अत्युत्तम. दंतवैद्य..." आणि थांबली.

"वाच ना!"

"दंतवैद्य: लक्ष गेले नाही."