आधी ओळख, मग चप्पल

आमच्या शेजारच्या नानांसमोर तुम्ही माणसाला शिव्या घाला, ते ऐकून न ऐकल्यासारखं करतील. पण घरात शिरलेल्या एखाद्या किड्यावर चप्पल उगारलीत, तर तुमची धडगत नाही. मेहरूणमध्ये आमची दोघांची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. आमच्याकडे बायकोचा "अगं बाई" असा आवाज झाला, की दुसऱ्या क्षणी नाना दारात हजर. एका हातात काचेचा पेला, दुसऱ्या हातात कुणाच्या तरी लग्नाची जुनी पत्रिका.

"थांबा. आधी ओळख, मग चप्पल."

किड्यावर पेला पालथा घालायचा, खालून पत्रिका सरकवायची, चष्मा कपाळावर चढवायचा आणि पेला डोळ्याजवळ न्यायचा. मग निकाल. एकदा लांबलचक पायांचा एक प्राणी भिंतीवर बसला होता. हा डेंग्यूचा आजोबा असणार, असं म्हणून मी वर्तमानपत्राची गुंडाळी केली होती. नाना म्हणाले, "हा डास नाही साहेब. याला चावायला तोंडच नाही. आपल्या कॉलनीच्या अध्यक्षासारखा आहे, नुसता दिसायला मोठा." पंख फुटलेली वाळवी असो, ट्यूबलाइटवर टकरा देणारा शेणकिडा असो, की वाट चुकलेला चतुर असो, नाना त्याला खिडकीपर्यंत पोचवून येत. पाहुण्याला स्टँडवर सोडायला जावं तसे. वर आम्हालाच म्हणत, "गरीब शे बिचारा. कोनाले काय करस?" गरीब आहे, कुणाला काय करतो, असा त्यांचा सवाल.

नोकरीत असताना नाना वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. तिथं वस्तू ओळखल्याशिवाय हात लावायची सोय नव्हती. तीच सवय निवृत्तीनंतर किड्यांवर उतरली, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. अक्का, म्हणजे त्यांची बायको, जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. नाना कुणाला ओसरीच्या आत घेत नसत, आणि घराला त्यांनी कधी रंग दिलेलाही आम्ही पाहिला नव्हता. एकटा माणूस म्हटला की चार चमत्कारिक सवयी असायच्याच.

यंदाच्या मे महिन्यात मात्र हा सगळा गमतीचा मामला माझ्या जिवावर आला.

आमची पल्लवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. पहिलं म्हणायचं, पण गेल्या वर्षी पाचव्या महिन्यात सगळं हातचं गेलं होतं. त्यामुळे या वेळी घरात कुणी मोठ्यानं हसतसुद्धा नव्हतं. तिला आणायला आम्ही दोघं धुळ्याला गेलो, विहीणबाईंनी आग्रहानं चार दिवस ठेवून घेतलं. परत आलो तर घराची भट्टी झालेली. मी घाईघाईनं कूलरची जाळी काढली आणि तसाच उभा राहिलो. पंखा आणि मोटर यांच्या मधोमध मातीचं एक गुळगुळीत घर चिकटलेलं होतं. कूलरच्या टाकीतून पाणी गळत होतं, खाली चिखल तयार होता, आणि कुंभारीण माशीनं चार दिवसांत आपला संसार उभा केला होता. घर काढल्याशिवाय पंखा फिरणं शक्य नव्हतं.

मी स्क्रूड्रायव्हर उचलला, तेवढ्यात पल्लवी मागून म्हणाली, "बाबा, हात लावू नका."

आमच्याकडे समजूत अशी, की कुंभारणीनं घर केलं की त्या घरात पाळणा हलतो. आणि ते घर मोडलं तर काय होतं, हे कुणी बोलत नाही. मी म्हटलं, असल्या गोष्टी मी मानत नाही. ती म्हणाली, "मीही मानत नव्हते. गेल्या वर्षी मीच मोडलं होतं, झाडू मारताना. पंधरवड्यात सगळं संपलं." मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

तिच्या आईनं विहीणबाईंना फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "मोडू नका बरं, ताई." झालं. वरच्या न्यायालयाचा निकाल लागला.

दुसरा कूलर आणावा म्हणून बाजार पालथा घातला. दुकानदार म्हणाले, माल संपला, गाडी आली की कळवतो. इकडे दुपारी भिंतीला हात लावला तरी चटका बसायचा. पल्लवी ओली चादर पांघरून पडायची, चादर बघता बघता वाळायची. तिचे पाय सुजले, डोकं दुखायला लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तदाब चढतोय, हिला गारव्यात ठेवा, नाहीतर दवाखान्यात आणून ठेवा. हे ऐकूनही ती कूलरकडे पाठ करून आडवी झाली. मी दोनदा स्क्रूड्रायव्हर घेऊन उठलो आणि दोनदा बसलो. न विचारता काढलं आणि पुढं काही कमीजास्त झालं, तर ती मला जन्मात माफ करणार नव्हती. त्याहून खरं सांगायचं, तर मीही मनातून टरकलो होतो.

शेवटी बायको म्हणाली, "नानांना बोलवा." मी वैतागलो. आयुष्यात ज्यानं डासाव्यतिरिक्त कशाला मारू दिलं नाही, तो माणूस घर मोड म्हणणार होता का? पण बोलावलं, आणि गेल्या वर्षीचंही सांगितलं.

नाना पेला-पत्रिका घेऊन आले. कूलरसमोर उकिडवे बसले, चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ बघत राहिले. मी म्हटलं, "ओळख पटली का?" त्यांनी पेला-पत्रिका खाली ठेवली. नंतर पल्लवीकडे वळले. "माय, दोन पावलं चालवेल? माझ्या घरी चल जरा."

आम्ही तिघंही गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नानांनी आतलं दार उघडलं. आत अंधारलेलं होतं. त्यांनी दिवा लावला आणि बायको माझा दंड धरून उभी राहिली. भिंतीवर, दाराच्या चौकटीला, बंद पडलेल्या घड्याळाच्या खाली, देवघराच्या वरच्या कोपऱ्यात, जिथं नजर जाईल तिथं कुंभारणीची मातीची घरं. काही ताजी, काही वाळून पांढरी पडलेली. एकही मोडलेलं नव्हतं.

"ही अक्कानं जपलेली, तिच्यामागं मी," नाना म्हणाले. "लग्न झाल्यापासून ती कुंभारणीची वाट बघायची. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या ठेवायची, मोरीजवळ माती भिजवून ठेवायची. खिडकीतून काही उडत आलं की मला हाक मारायची, 'देखा हो, तीच शे का?' मी जेवणावरून उठून बघायचो. कधी भुंगा असायचा, कधी पाकोळी. मारू द्यायची नाही. म्हणायची, 'मारी टाकं आनि तीच निंघनी तं?'"

सात महिन्यांच्या गरोदर पोरीला हा माणूस काय सांगतोय, आणि कशासाठी? मी त्यांना थांबवायला पुढे झालो, पण पल्लवी टक लावून त्यांच्याकडे बघत होती.

"मग कुंभारीण यायला लागली," नाना म्हणाले. "दर साली यायची. हे बठ्ठं, सगळं, तिनंच बांधलेलं. पण आमच्याकडे पाळणा हलला नाही माय. घरं केली म्हणून लेकरं झाली असती, तर या घरात शाळा भरली असती. ती बिचारी स्वतःच्या लेकरांसाठी बांधते. आपल्याशी तिचं काही नाही. बांधलं म्हणून काही होत नाही, आणि मोडलं म्हणूनही नाही. गेल्या साली तू काही केलं नाही."

"अक्कांना हे माहीत होतं?" पल्लवीनं विचारलं.

"मला माहीत होतं. तिला मी कधी सांगितलं नाही." नानांनी चष्मा खाली ओढला. "आज पहिल्यांदा कोणाला सांगतोय."

पल्लवी तिथंच दाराच्या चौकटीला टेकून रडली. वर्षभरात ती आमच्यासमोर रडली नव्हती. तिची आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. रडणं ओसरल्यावर ती म्हणाली, "नाना, तुम्हीच काढा. पण जपून."

नानांनी ते घर खालून ओल्या फडक्यानं भिजवत भिजवत अलगद सोडवलं, पत्रिकेवर घेतलं आणि आपल्या खिडकीत नेऊन ठेवलं. मी बटण दाबलं. कूलर खडखडला, मग वाळ्याचा वास घेऊन गार वारा आला. पल्लवी संध्याकाळपर्यंत गाढ झोपली. आम्ही दोघं तिच्या उशाशी बसून होतो.

आषाढात मुलगी झाली. दोघी सुखरूप. नाना बघायला आले ते उंबऱ्यातच थांबले, "लांबूनच बघतो, उगाच नजर लागली म्हणायला नको" म्हणाले आणि पेढा खिशात घालून परत गेले. माझ्या मनात आलं, आपल्या घरातल्या पाळण्यासाठी या माणसानं जन्मभर झाकून ठेवलेली गोष्ट उघडी केली, आणि आपण त्याला साधं आत बसवूही शकलो नाही. फार वाईट वाटलं.

दोन दिवसांनी सकाळी पाळण्याच्या मच्छरदाणीवर हिरवट पंखांचं एक चिमुकलं काहीतरी येऊन बसलं. बायकोचा हात सवयीनं चपलेकडे गेला. पल्लवीनं तिला अडवलं, भिंतीकडे तोंड केलं आणि मोठ्यानं हाक मारली.

"नाना, देखा हो, तीच शे का?"

भिंतीपलीकडे भांडं पडल्याचा आवाज झाला. नानांना दारात यायला त्या दिवशी नेहमीपेक्षा वेळ लागला. हातात पेला नव्हता, पत्रिकाही नव्हती. ते उंबरा ओलांडून आत आले, पाळण्यापाशी वाकले, आणि चष्मा वर करायचं विसरून, भरल्या डोळ्यांनी बराच वेळ बघत राहिले. किड्याकडे नाही, खाली झोपलेल्या पोरीकडे.

"हां," ते म्हणाले. "तीच शे."