विद्यापीठ दात खातं

मी पाळणा हलवला, एवढीच माझी चूक. (एवढीच, हे माझ्या मते. आमच्या ह्यांच्या मते माझ्या चुकांची सुरुवात त्याच्या बरीच आधी होते.)

दुपारचं ऊन खिडकीतून थेट बाळाच्या तोंडावर यायचं, म्हणून पाळणा ओढत आतल्या भिंतीशी नेला. भिंत आपली नावाला. नुसतं प्लायवूड आहे ते. पलीकडे आमची भाडेकरू मुलगी राहते. विद्यापीठात शिकते, रात्रभर वाचते आणि दुपारी झोपते. हे तिला नावाने कधी हाक मारत नाहीत. "विद्यापीठ उठलं का?" असंच विचारतात.

पहिल्याच दुपारी भिंतीतून आवाज आला. कर्रर... कट्. कर्रर... कट्. फरशीवरून कुणी लोखंडी पेटी ओढावी तसा. मी घाबरून भिंतीला कान लावला. पेटी कसली, पोरगी झोपेत दात खात होती!

मला हसू आलं. ढब्बूलाही आलं. (ढब्बू म्हणजे आमचं बाळ, वजन बघून पडलेलं नाव.) तो हसला, वळला आणि गाढ झोपला. पुढे रोज तो आवाज सुरू झाला की याचे डोळे मिटायचे. मी म्हटलं, चला, देवाने एकदाची दया केली.

आणि मग एके सकाळी ढब्बूने माझ्या डोळ्यांत डोळे घालून, वरचे दोन आणि खालचे दोन अशा आपल्या सगळ्या दातांनिशी केलं, "कर्रर."

माझ्या हातातली वाटी खाली पडली.

माझी शाळा सातवीत सुटली. त्यामुळे बाळाला काही झालं की ते पुस्तकात कुठे शोधायचं मला कळत नाही. मी ते डोक्यात शोधते, आणि डोक्यात नेमकं सगळ्यात वाईट तेच वर ठेवलेलं असतं. मला स्पष्ट दिसलं: ढब्बू पहिलीत बसलाय, तोंडात औषधालाही दात नाही, आणि बाई सगळ्या वर्गासमोर विचारताहेत, "याची आई काय करत होती?"

हे बसच्या गॅरेजात मेकॅनिक आहेत. संध्याकाळी त्यांनी ढब्बूच्या जबड्याला कान लावून ऐकलं.

"बेअरिंग कोरडं पडलंय," ते म्हणाले. "थोडं तेल सोड."

"अहो, मूल आहे ते!"

"मग मूल म्हणून थोडंच सोड."

अशा माणसापुढे रडण्यातही अर्थ नसतो. दुसऱ्या दिवशी मी पलीकडचं दार वाजवलं.

"रागावू नकोस हं, पण तू झोपेत दात खातेस."

ती कानापर्यंत लाल झाली. "अय्या वहिनी, ऐकू येतं?"

"ऐकू यायचं सोड, पोरगा शिकला तो! त्याचे आत्ता कुठे येताहेत गं, तोवर झिजायला लागले."

"काय करू वहिनी? परीक्षेचं टेन्शन. आमच्या वर्गात निम्मे जण खातात. विद्यापीठाच्या वसतिगृहात दुपारी या एकदा, लाकडाची वखार चालू आहे असं वाटेल."

मी जिभेने हळूच माझे दात चाचपले. सगळे जागच्या जागी होते. शिक्षण वेळेवर सुटलं की दात टिकतात, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं, आणि ढब्बूला फार शिकवायचं नाही असं मी तिथेच, तिच्या उंबऱ्यात ठरवून टाकलं.

पोरगी मात्र गुणी. दातांच्या दवाखान्यात जाऊन प्लास्टिकची टोपी करून आली. झोपताना दातांवर बसवायची, की आवाज बंद. दुपारी भिंत गप्प झाली. मी सुटकेचा श्वास सोडला.

ढब्बूने भोकाड पसरलं.

त्याला थोपटलं, खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घातल्या. पाट्यावर दगड घासून पाहिला, खरीखुरी लोखंडी पेटी फरशीवरून ओढून पाहिली. (खालच्या मजल्यावरून काठीने ठोकल्याचा आवाज आला.) ढब्बू क्षणभर थांबून माझ्याकडे कीव आल्यासारखं बघायचा आणि पुन्हा सूर लावायचा. शेवटी विद्यापीठ दारात उभं राहिलं. केस पिंजारलेले, तोंडात टोपी.

"वयनी, पववा पेपव आये माझा."

परवा पेपर होता बिचारीचा. आणि मी काय म्हणावं?

"अगं, काढ ना ती जरा वेळ. अर्धा तासच खा."

तिने टोपी काढून माझ्याकडे पाहिलं. "तुम्हीच बंद करायला लावलंत ना?"

"लावलं."

"माझ्या दाढा सपाट झाल्यात, वहिनी. डॉक्टर ओरडतील."

बाळाने दात खाऊ नयेत म्हणून परवा रडणारी आई आज कुणीतरी दात खावेत म्हणून रडत होती. असल्या आईच्या पोटी आलेल्या पोराचं व्हायचं कसं, या विचाराने मी आणखी रडले. माझं रडणं ऐकून ढब्बू गप्प झाला, इतकाच काय तो फायदा.

पण पोरगी खरंच गुणी. दुसऱ्या दिवशी दोन मैत्रिणींना घेऊन आली. "या दोघी वसतिगृहात नावाजलेल्या आहेत, वहिनी. यांच्या खोलीत कुणी झोपत नाही." दोघी लाजल्या. मी त्यांना चहा दिला, उशा दिल्या. थोड्या वेळात भिंतीपलीकडे अशी काही वखार सुरू झाली की ढब्बू राजासारखा झोपला. दारावर आलेल्या शेजारणीला मी सांगितलं, "हळू बोला, मुली दात खाताहेत."

रात्रीचं म्हणाल तर रात्री तो मुळीच त्रास द्यायचा नाही. माझ्या कुशीत शिरला की गप्प. फक्त ह्यांची कुरकुर असायची.

"विद्यापीठ रात्री टोपी घालत नाही वाटतं. कानाशी गिअर घासल्यासारखं होतं."

मी त्या मुलीला दोनदा विचारलं. तिने शपथ घेतली, म्हणाली, रात्री मी जागीच असते हो. मी विश्वास ठेवला नाही. (त्यात सकाळी उठल्यापासून माझे गाल ठणकायचे. दिवसभर बोलतेस म्हणून, असं ह्यांचं निदान.)

आणि मग परीक्षा संपली. त्या दुपारी तिघी आल्या, झोपल्या, आणि भिंतीतून हूं की चूं नाही. मी आत जाऊन पाहिलं. तीन चेहरे, घासूनपुसून ठेवलेल्या ताटांसारखे शांत. एकीला हलवून म्हणाले, "अगं, निकाल लागायचाय अजून! नापास झालीस तर?" ती झोपेत गोड हसली.

पोरी सुट्टीला घरी गेल्या. ढब्बूची दुपारची झोप त्यांच्याबरोबर गेली. डोळे लाल, दिवसभर किरकिर, मधूनच ते चार दातांचं कर्रर. शेवटी त्याला उचललं आणि त्याच दातांच्या दवाखान्यात गेले. बाकांवर सगळे विद्यार्थी, गालांना हात लावून बसलेले.

डॉक्टरांनी ढब्बूच्या तोंडात बोट फिरवलं. "काही नाही. नवे दात आले की बाळं घासून बघतात. जातं आपोआप. आणि हे कुणाकडून लागत नाही."

मला इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले. पण डॉक्टर ढब्बूकडे बघतच नव्हते. माझ्या गालाकडे बघत होते.

"तुम्ही तोंड उघडा."

"मी? मी नुसती त्याची आई आहे."

"उघडा."

बराच वेळ त्यांनी आत पाहिलं. "दाढा सपाट झाल्यात. सकाळी गाल दुखतात? रात्री आवाज होतो अशी घरात कुणाची तक्रार?"

मला हे आठवले, त्यांचा गिअर आठवला. मग शपथ घेणारी ती पोरगी आठवली आणि मी मान खाली घातली.

"परीक्षेच्या दिवसांत होतं असं," डॉक्टर म्हणाले. "कितवीला आहात?"

"सातवी."

त्यांना ती थट्टा वाटली. "बरं, परीक्षा संपते कधी तुमची?"

मी मांडीवरच्या ढब्बूकडे पाहिलं. "चार आलेत, डॉक्टर. बाकीचे नीट आले की संपली."

"अहो ताई, हे दुधाचे. वीस येतील, मग सगळेच्या सगळे पडतील आणि पुन्हा पहिल्यापासून..."

"सगळे पडणार?"

पुढचं मला ऐकू आलं नाही, कारण माझ्याच तोंडातून आवाज आला. कर्रर... कट्. बाकांवरचे विद्यार्थी आत डोकावले. कितीतरी दुपारी न झोपलेल्या ढब्बूने एक लांब जांभई दिली, मान माझ्या दंडावर टाकली आणि झोपला.

डॉक्टरांनी माझ्या टोपीचं माप घ्यायला हातात घेतलेला साचा हळूच खाली ठेवला.

"ताई," ते कुजबुजले, "थांबू नका."